डीपडेल, प्रेस्टन : राइट-बॅकचे काम पाहण्याची जागा

इंग्लंडमध्ये फुटबॉल पाहायला येणारे आपले बहुतेक लोक मँचेस्टर, लिव्हरपूल किंवा लंडनच्या मोठ्या मैदानांवर जातात आणि तिथून आनंदाने परततात. परंतु बचावपटू नव्वद मिनिटे नेमके काय करत असतो हे ज्यांना मनापासून जाणून घ्यायचे आहे, त्यांनी लँकशायरमधील प्रेस्टन शहर गाठावे आणि प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबच्या डीपडेल मैदानावर, सर टॉम फिनी स्टँडमध्ये, टचलाइनच्या, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेच्या, जितके जवळ मिळेल तितके जवळचे तिकीट काढावे, अशी माझी शिफारस आहे.

या शिफारशीमागे एका खेळाडूची कारकीर्द आहे. ग्रॅहम अलेक्झांडर हा १९७१ मध्ये कॉव्हेन्ट्रीत जन्मलेला राइट-बॅक, म्हणजे संघाचा उजव्या बाजूचा बचावपटू, १९९१ मध्ये स्कन्थॉर्प युनायटेडकडून खेळू लागला, १९९५ मध्ये लूटन टाउनकडे गेला आणि मार्च १९९९ मध्ये प्रेस्टनला आला. त्याला प्रेस्टनला आणणारे व्यवस्थापक डेव्हिड मॉइज हे स्वतः केंब्रिज युनायटेड, ब्रिस्टल सिटी, श्रूजबरी अशा क्लबांच्या बचावफळीत वर्षानुवर्षे खेळून प्रेस्टनमध्येच थांबलेले होते, त्यामुळे कोणता बचावपटू टिकेल याची त्यांची पारख अचूक असणे स्वाभाविक होते. पुढच्याच हंगामात, म्हणजे १९९९-२००० मध्ये, प्रेस्टनने इंग्लिश लीगच्या तिसऱ्या स्तराचे विजेतेपद मिळवून दुसऱ्या स्तरावर प्रवेश केला. २००१ मध्ये सर्वोच्च स्तर, म्हणजे प्रीमियर लीग, एका सामन्याच्या अंतरावर आली; मात्र कार्डिफमध्ये बढतीसाठीच्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात बोल्टनने ३-० असा विजय मिळवला. अलेक्झांडर मात्र ऑगस्ट २००७ पर्यंत डीपडेलवरच राहिला.

या काळात त्याने जे काम केले, ते दूरचित्रवाणीच्या क्षणचित्रांत जवळजवळ दिसतच नाही. क्षणचित्रांत त्याची पेनल्टी दिसे, कारण ती तो जोरकस मारायचा. शंभरहून अधिक गोल नावावर असलेला बचावपटू इंग्लिश फुटबॉलमध्ये विरळाच, आणि त्यांतले बहुसंख्य गोल पेनल्टीवरचे आहेत. परंतु राइट-बॅकचे रोजचे काम चेंडू त्याच्याकडे येण्यापूर्वीच होऊन गेलेले असते, आणि कॅमेरा तर चेंडूच्या मागे धावत असतो. टचलाइनलगत बसले की ते काम समोर उलगडते. विंगरच्या, म्हणजे कडेने चाल करणाऱ्या प्रतिस्पर्धी खेळाडूच्या, पायात चेंडू आला की चांगला राइट-बॅक त्याच्याकडे सरळ धावत जात नाही. तो दोन-तीन पावले वेगाने पुढे येतो, मग अचानक गती कमी करतो, गुडघे किंचित वाकवून शरीर अर्धे तिरके करतो आणि एक खांदा मैदानाच्या मध्याकडे ठेवून विंगरला टचलाइनचा रस्ता मोकळा करून देतो. आत वळण्याची वाट बंद झाल्यामुळे विंगरला रेषेलगत जावे लागते, तिथे त्याला जागा अपुरी पडते, आणि मग एक साधा पाय पुढे करून चेंडू थ्रो-इनसाठी बाहेर घालवता येतो. प्रेक्षकांना दिसतो तो फक्त हा शेवटचा पाय, आणि टाळ्याही फारशा पडत नाहीत. पण खाली बसलेल्या माणसाला बुटांचा आवाज, सेंटर-बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, दिलेली हाक आणि ती दोन पावले आवरती घेण्याचा निर्णय, हे सगळे ऐकू येते आणि दिसते.

हेच काम एक हजारांहून अधिक सामन्यांत करणे म्हणजे काय, याचा विचार या खुर्चीवर बसल्यावर आपोआप होतो. एप्रिल २०११ मध्ये अलेक्झांडरने व्यावसायिक कारकिर्दीतील हजारावा सामना खेळला. गोलरक्षक वगळता इंग्लिश फुटबॉलमध्ये हा टप्पा त्याच्याआधी फक्त टोनी फोर्डने गाठला होता, आणि फोर्डचीही बरीचशी कारकीर्द ग्रिम्सबी, मॅन्सफील्ड, रॉचडेल अशा खालच्या स्तरांवरील क्लबांत गेली. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. खालच्या स्तरांवर हंगामात लीगचेच सेहेचाळीस सामने असतात, संघात फारसे पर्यायी खेळाडू नसतात, आणि शनिवारी खेळलेल्या माणसाला मंगळवारी रात्री, चिखलात आणि पावसात, पुन्हा उभे राहावे लागते. जो दुखापतींपासून स्वतःला जपतो, जागा ओळखून धाव वाचवतो आणि वय वाढले की खेळ बदलतो, तोच इथे टिकतो. अलेक्झांडरची स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघात निवड झाली ती २००२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, आणि तो ४० आंतरराष्ट्रीय सामने खेळला. बर्नली या क्लबमध्ये गेल्यावर तो बचावफळीच्या पुढे, मध्यरक्षकांत खेळू लागला, २००९ च्या प्ले-ऑफमधून तो संघ प्रीमियर लीगमध्ये पोहोचला, आणि सदतीसाव्या वर्षी त्याने त्या लीगमध्ये पदार्पण केले. त्याच महिन्यात बर्नलीने आपल्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडला १-० असे हरवले.

मैदानाविषयी सांगायचे तर, प्रेस्टन नॉर्थ एंड इथे १८७८ पासून फुटबॉल खेळत आहे. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांत प्रेस्टन होता, आणि पहिल्याच हंगामात लीगचा एकही सामना न हरता त्याने विजेतेपद घेतले. जुने लाकडी स्टँड मात्र आता उरलेले नाहीत. १९९५ ते २००८ या काळात चारही बाजू नव्याने बांधल्या गेल्या. फिनी, शँकली आणि केली या क्लबच्या जुन्या खेळाडूंचे चेहरे त्या त्या स्टँडच्या खुर्च्यांच्या रंगांतून साकारले आहेत आणि स्टँड रिकामा असताना ते समोरून स्पष्ट दिसतात, म्हणून सामन्याच्या बरेच आधी आत जाणे चांगले. बाहेर पाण्याचे फवारे उडवत घसरणाऱ्या टॉम फिनीचा पुतळा आहे, तोही निवांतपणे पाहण्यासारखा आहे. एक उणीव मात्र मला खरोखर जाणवते. राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय २००१ मध्ये याच मैदानात सुरू झाले होते; २०१० मध्ये ते बंद झाले आणि २०१२ मध्ये मँचेस्टरला नव्याने उघडले. ज्या मैदानाने लीगचा जन्म पाहिला, तिथे येणाऱ्या पाहुण्याला इतिहास समजावणारे असे काही आता हाताशी नाही, आणि मँचेस्टरमधील उत्तम इमारतीनेही ही उणीव भरून येत नाही.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाची इथे छान सोय होते, आणि ही गोष्ट आपल्या लोकांना सांगायलाच हवी. बटर पाय हा लँकशायरचाच पदार्थ. शुक्रवारी मांस न खाणाऱ्या इथल्या कॅथलिक कुटुंबांमुळे तो रूढ झाला. बटाटा, कांदा, लोणी आणि मिरपूड यांचे मऊ सारण कुरकुरीत पारीत भरून भाजलेले असते, आणि तो गरम असतानाच खावा. बियर मात्र खुर्चीवर नेता येत नाही, कारण मैदान दिसेल अशा ठिकाणी मद्य पिण्यास कायद्याने बंदी आहे.

तिकिटाचा दर सामन्यागणिक आणि स्टँडगणिक बदलतो, पण प्रीमियर लीगच्या मानाने खर्च बराच कमी होतो. स्टेशनपासून मैदान अर्ध्या तासाहून थोडे अधिक चालण्याच्या अंतरावर आहे. शनिवारी दुपारी तीनचा सामना मिळाला तर तोच निवडावा, कारण त्या वेळेतील सामन्यांच्या थेट प्रक्षेपणावर ब्रिटनमध्ये बंदी असल्याने तो पाहणारे सगळे मैदानातच असतात आणि स्टँडमधले बोलणे अधिक मोकळे असते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघासाठी घसा कोरडा करणाऱ्या माणसाला इथे परके वाटणार नाही. खेळाडूच्या नावापुढे वयाचा आणि जुन्या चुकांचा हिशेब जोडून बोलणारे शेजारी इथेही भेटतात. अलेक्झांडरचे नाव काढले तर २८ एप्रिल २०१२ चा उल्लेख होण्याची शक्यता मोठी. तो २०११ मध्ये प्रेस्टनला परतला होता, संघ तिसऱ्या स्तरावर घसरलेला होता, आणि चार्ल्टनविरुद्धच्या आपल्या अखेरच्या सामन्यात बदली खेळाडू म्हणून येऊन त्याने भरपाई वेळेत फ्री किकवर गोल केला व सामना २-२ असा बरोबरीत सुटला. त्यानंतर तो व्यवस्थापक झाला. २०१४ मध्ये फ्लीटवुडला आणि २०२५ मध्ये ब्रॅडफर्ड सिटीला त्याने चौथ्या स्तरावरून तिसऱ्यावर नेले. दोन्ही वेळी निर्णायक गोल अँटोनी सार्सेविच याच खेळाडूचा होता.

खुर्ची निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, त्यामुळे यजमानांचा राइट-बॅक एकाच सत्रात तुमच्या समोरून धावेल आणि दुसऱ्या सत्रात तो पलीकडच्या टचलाइनवर असेल. ते सत्र वाया गेले असे समजू नये. चेंडू तुमच्या बाजूला असताना नजर मुद्दाम पलीकडे न्यावी आणि तो रेषा सोडून सेंटर-बॅकच्या किती जवळ सरकला आहे, कडेवरून गोलसमोर लांब पल्ल्याचा क्रॉस आला तर दूरच्या खांबाशी पोहोचायला त्याला किती अंतर उरले आहे, हे पाहावे. खालच्या रांगेतून हे अंतर नीट उमगत नसेल, तर पुढच्या वेळी गोलमागच्या ॲलन केली टाउन एंडमधील वरची रांग घ्यावी. तिथून बचावपटूंच्या पायांतले बारकावे दिसत नाहीत, पण बचावफळीतील चौघांमधील मोकळ्या जागा मात्र नेमक्या दिसतात.