व्हिसा माफ, पण फुकटच्या फॉर्मचे 1600 रुपये

क्वालालंपूरला लेकीकडे दोन आठवडे जायचं होतं. गल्लीतल्या ट्रॅव्हलवाल्याने "काका, मलेशियाला व्हिसा नको, पण एंट्री कार्डाचे माणशी 800," म्हणत आम्हा दोघांचे 1600 घेतले. व्हिसामाफी खरीच, डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवस राहता येतं. पण ते डिजिटल अरायव्हल कार्ड सरकारी साइटवर चक्क फुकट भरता येतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत! वर पठ्ठ्याने हिच्या पासपोर्ट नंबरातला एक आकडाच चुकवला. आदल्या रात्री लेकीने व्हिडिओ कॉलवरून मलाच नव्याने भरायला लावलं. चष्मा शोधण्यासकट वीस मिनिटं. तिकडे काउंटरवर परतीचं तिकीट दाखवलं, सुटलो. विमानाची तिकिटं मात्र त्याने स्वस्तात काढून दिली, म्हणून दोन तारे.