ग्रोमॅक्स: थांबवण्यात चोख, देखरेखीत उणे

नेरूळच्या आमच्या महाविद्यालयात ग्राफिक्स कार्ड असलेले एकच वर्कस्टेशन आहे आणि ते आम्हा तिघा संशोधकांना वाटून घ्यावे लागते. प्रथिन आणि त्याला चिकटलेला औषधाचा रेणू यांचे 100 नॅनोसेकंदांचे सिम्युलेशन 2 फेम्टोसेकंदांच्या पावलांनी करायचे, तर यंत्राला 5 कोटी पावले चालावी लागतात. आमच्याकडे त्याला चार दिवस लागतात. एवढ्या वेळात कोणाला तरी यंत्र तातडीने हवे असते किंवा पावसाळ्यात वीज तरी जाते. त्यामुळे ग्रोमॅक्स या रेणूंच्या हालचालींचे असे सिम्युलेशन करणाऱ्या मोफत, मुक्तस्रोत प्रणालीकडे मी प्रथम पाहिले ते अचूकतेपेक्षा ती मध्येच थांबवता येते का, या दृष्टीने.

या बाबतीत ती भरवशाची आहे. काही न सांगताही ती दर 15 मिनिटांनी चेकपॉइंट, म्हणजे जिथून काम पुढे सुरू करता येईल अशी त्या क्षणाची नोंद, लिहिते आणि त्याआधीचा चेकपॉइंटही राखून ठेवते, म्हणजे नेमक्या लिहिण्याच्या क्षणी वीज गेली तरी हाती काहीतरी उरते. कंट्रोल-सी एकदा दाबले की काम धाडकन न तुटता सोयीच्या पावलावर थांबते व अखेरची स्थिती नोंदवून बंद होते. पुढे तीच आज्ञा चेकपॉइंटच्या फाईलचे नाव जोडून दिली की जुन्याच फाईलींत पुढचा मजकूर भरला जातो. ठरावीक तासांनी आपोआप थांबण्याचीही सोय असल्याने रात्रीची पाळी माझी आणि दिवसाची दुसऱ्यांची, अशी वाटणी आम्हाला करता आली.

माझ्या सहकाऱ्याला मात्र कंट्रोल-झेड दाबून काम नुसते गोठवण्याची सवय होती. तसे केल्याने प्रोसेसर मोकळा होतो, पण मेमरी आणि ग्राफिक्स कार्डावरील जागा अडकूनच राहते. शिवाय वीज गेली की गोठवलेले काम गेले. दोन मिनिटांच्या अडचणीसाठी ते ठीक आहे, यंत्र दुसऱ्याच्या हवाली करण्यासाठी नाही.

एक चूक माझी स्वतःची. डिस्क भरत आली म्हणून थांबलेल्या कामाची मार्गाची फाईल, म्हणजे रेणूंच्या हालचालींची नोंद असलेली फाईल, मी बाहेरच्या डिस्कवर हलवली, आणि चेकपॉइंटमध्ये नोंद असलेली फाईल जागेवर नाही म्हणून प्रणालीने पुढे जायला नकार दिला. हा काटेकोरपणा तेव्हा जाचला, तरी न जुळणारे तुकडे चुकीचे जोडले जाण्यापेक्षा तो बरा. नव्या फाईलीत पुढचा भाग लिहिण्याचा पर्यायही आहे. ते तुकडे नंतर जोडता येतात.

देखरेखीच्या बाबतीत मात्र मी इतकी समाधानी नाही. ठाण्याला परतताना ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये मोबाईलवरून लॉग फाईल, म्हणजे चालू कामाची आकडेवारी, पाहता येते आणि हवे असल्यास काम केव्हा संपेल याचा अंदाजही मिळतो. संपर्क तुटला तरी काम चालू ठेवणाऱ्या टीमक्स या साधनात काम लावले असल्याने कोपरखैरण्याच्या आसपास नेटवर्क तुटले तरी सिम्युलेशन तुटत नाही. पण लॉगमधील तापमान 300 केल्विनच्या आसपास स्थिर दिसले म्हणून सगळे आलबेल आहे असे मानणे फसवे, कारण ते तापमान तर थर्मोस्टॅट, म्हणजे सिम्युलेशनमधील तापमान ठरावीक ठेवणारी गणिती सोयच, सांभाळत असतो. माझ्या एका कामात औषधाचा रेणू पहिल्याच दिवशी प्रथिनाच्या खोबणीतून बाहेर पडला होता, आणि लॉगवर विसंबून राहिल्याने ते मला तिसऱ्या दिवशी कळले. दोन दिवस यंत्र पाण्यात तरंगणाऱ्या रेणूचा हिशेब करत बसले.

वास्तविक काम चालू असतानाच मार्गाची फाईल वाचता येते आणि प्रथिन आणि रेणू यांच्यातील अंतर मोजण्याचे साधनही सोबतच मिळते. फक्त ते आपण होऊन चालवावे लागते. रेणू दूर गेला तर थांब, असे साध्या एका ओळीत सांगता आले असते तर मी पूर्ण गुण दिले असते. सध्या दर तासाला ते अंतर मोजून फोनवर संदेश धाडणारी छोटी स्क्रिप्ट मी स्वतः लिहिली आहे, आणि आकडा वाढलेला दिसला तर मी ऐरोलीला गाडी पोहोचण्याआधीच काम थांबवते.