प्रचाराचं काम करून आयएफएस? नवी पेठेतल्या एका गायडन्स सेशनचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार. क्लासचं नाव टाकत नाही, अर्धं आवडलं नाही आणि उगाच कोणाच्या धंद्यावर कशाला.

मी विधानसभेला एका उमेदवाराच्या वॉररूमला होतो, मतदार याद्या, बूथवाल्या पोरांचे फोन, कोपरा सभांच्या परवानग्या सगळं केलं, आता डोक्यात फॉरेन सर्व्हिस म्हणजे आयएफएस आहे. यांची जाहिरातच अशी की कॅम्पेनवाल्यांसाठी डिप्लोमसीत करिअर, मग म्हटलं जाऊन तर बघू.

सकाळचं सेशन झोपून काढलं तरी चालेल. स्लाइड्स सरळ अमेरिकेच्या उचललेल्या. तिकडे नवा राष्ट्राध्यक्ष आला की प्रचारातले लोक, देणगीदार राजदूत होतात, सिनेटची मंजुरी मिळाली की झालं, बरं मग? आपल्याकडे 1947 ला नेहरूंच्या बहीण विजयालक्ष्मी पंडित मॉस्कोला राजदूत म्हणून गेल्या, 1991 ला नामांकित वकील एल. एम. सिंघवी लंडनला हायकमिशनर म्हणजे राजदूतच झाले, पण ती फार वरची माणसं, वॉररूममधल्या एक्सेलवाल्याला कोण ॲम्बॅसडर करतंय! आपल्याला यूपीएससीच, मेन्स 1750 मार्कांची, इंटरव्ह्यू 275 चा, ओपनला 32 वय आणि 6 अटेम्प्ट, आणि आयएफएसच्या जागा एखाद्या वर्षी 37-38 तर एखाद्या वर्षी पन्नासच्या थोड्या वर. हे फी घ्यायच्या आधी सांगायला पाहिजे होतं, यांनी सांगितलं जेवायच्या तोंडावर. शेजारचा पोरगा निवडणुका करता करता एकतिशीला आलेला, त्याच्याकडे बघवत नव्हतं.

दुपारी मात्र पैसे वसूल. एक रिटायर्ड मॅडम आल्या आणि डायरेक्ट डॅफवर, म्हणजे इंटरव्ह्यू बोर्डासमोर असतो तो आपला फॉर्म. सगळ्यांची एकच शंका, पक्षाचं काम लिहायचं का लपवायचं. मॅडम म्हणाल्या, "लपवायचं कशाला रे, काम सांग, फक्त तिथे भाषण ठोकू नकोस." नोकरी लागल्यावर मात्र सरकारी नोकरांच्या 1964 च्या आचरण नियमांप्रमाणे पक्षाचं सदस्यत्व पण नाही आणि प्रचार पण नाही, घरच्या गल्लीतला सुद्धा. मग मॉक इंटरव्ह्यू घेतला, मला विचारलं की उद्या तू ज्यांच्या विरोधात घोषणा दिल्यास त्यांचंच सरकार आलं आणि त्यांची भूमिका परदेशात मांडायची वेळ आली तर? मी ततपप. मॅडमनी सोडलं नाही, तीनदा उत्तर बदलायला लावलं.

आणखी एक पटलं. वकिलातीत सगळा वेळ करार आणि मेजवान्या नसतात, कोणाचा पासपोर्ट हरवलाय, कोणी तिकडच्या जेलमध्ये आहे, कोणाची बॉडी गावी पाठवायचीय, म्हणजे आपल्या नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात सकाळी जी गर्दी असते तसलंच काम, फक्त कायदा दुसऱ्या देशाचा. ज्याने बूथवर यादीत नाव नसलेल्या आजोबांची समजूत काढलीय त्याला हे जमू शकतं. इंटरव्ह्यूत हेच सांग म्हणाल्या. निवड झाल्यावरचं ट्रेनिंग, म्हणजे आधी मसुरी, मग दिल्लीची सुषमा स्वराज इन्स्टिट्यूट, सक्तीची परकीय भाषा, हे पण झालं पण घाईघाईत.

एसी थंडगार, चहा पाणचट, गाडी लावायला जागा शोधत बसा. फोन केलात तर फक्त दुपारचं देता का विचारा, मॅडमचा स्लॉट वेगळा मिळतो असं रिसेप्शनवाली नंतर म्हणाली, फी पण निम्मी.