अकरा महिने, तीन मिनीबस आणि कॅटलॉगमध्ये न छापलेल्या गोष्टी

मी गाडी चालवत नाही. कुठली गाडी कुठल्या फेरीवर जाईल ते ठरवतो, आणि ती वाटेत बसली की पहिला फोन मला येतो. त्यामुळे हा अनुभव स्टिअरिंगमागचा नाही, फोनमागचा आहे. गाड्या तीन. एक व्हॅनच्याच सांगाड्यावरची १६ सीटची, दुसरी ट्रकच्या चॅसिसवर वेगळी बॉडी चढवलेली २७ सीटची, तिसरी खालच्या फ्लोअरची, रॅम्पवाली. ड्रायव्हरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना छोटी, लांबडी आणि बुटकी अशी नावं पाडली, आता कागदोपत्रीही तीच चालतात. कंपन्यांची नावं देत नाही, कारण सांगायचंय ते प्रकाराबद्दल आहे.

घेताना आम्ही एक तक्ता केला होता. सीट किती, इंजिनची ताकद किती, अ‍ॅव्हरेज किती, किंमत किती. तक्त्यात लांबडी सगळ्यांच्या पुढे होती. गर्दीच्या फेरीला २७ माणसं बसतील, मग बाकी दिवसभर काहीही होवो, असा आमचा हिशेब. अकरा महिन्यांनी वही उघडली तर सगळ्यात जास्त फेऱ्या छोटीच्या नावावर आहेत, आणि लांबडी दिवसातून दोनदा भरते, एरवी सहा-सात माणसं घेऊन फिरते.

लांबडीची पहिली तक्रार आली ती आवाजाची. ओढ्यावरच्या फरशीवरून गाडी पलीकडे चढायला लागली की मागून खर्रकन घासल्याचा आवाज. जमिनीपासूनची उंची कॅटलॉगमध्ये भरपूर लिहिलेली, मग घासतं काय? गाडीखाली टेप लावला तेव्हा कळलं. मागच्या ॲक्सलपासून बंपरपर्यंतची शेपटी अडीच मीटरच्या वर, आणि शेपटीच्या टोकाला जमीन ४५ सेंटीमीटरवर. म्हणजे मागच्या चाकापासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत सरळ रेष ओढली तर कोन जेमतेम १० अंशांचा. छोटी मुळातच कमी उंचीची, तिच्या बंपरखाली ३५ सेंटीमीटरच मोकळे, पण शेपटी आखूड असल्याने तिचा कोन १६ च्या आसपास येतो. त्याच फरशीवरून ती आरामात निघते. उंचीचा आकडा बघून आम्ही फसलो. बघायला हवी होती ती शेपटी.

याच शेपटीने दुसरंही एक काम केलं. थांब्यावरून निघताना ड्रायव्हरने स्टिअरिंग जोरात कापलं की मागचं टोक उलट्या बाजूला बाहेर फेकलं जातं. थांब्याचा खांब दोनदा वाकला. दुसऱ्यांदा वाकल्यावर आम्ही तो सरळ केलाच नाही, तीन पावलं मागे हलवला.

आता दार. याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आमच्या तक्त्यात दाराचा रकानाच नव्हता.

ग्रामीण फेरीत चढणारी निम्मी माणसं वयस्कर असतात, उरलेल्यांच्या हातात काहीतरी असतंच: पिशवी, मूल, नाहीतर काठी. लांबडीची पहिली पायरी गुडघ्याला लागते. एकेक माणूस हँडल धरून, थांबून, वर येतो. चौदा थांब्यांच्या फेरीत प्रत्येक थांब्यावर अर्धा मिनिट जास्त गेला की शेवटी सात मिनिटं उशीर. पुढची रेल्वे चुकायला सात मिनिटं पुरतात. इंजिन कितीही ताकदवान असलं तरी ही सात मिनिटं ते भरून देत नाही. आम्ही नंतर दाराखाली जोडपायरी बसवली, दार उघडलं की बाहेर सरकणारी. पहिल्याच पावसाळ्यात तिच्यात चिखल जाऊन ती अर्ध्यातच अडकायला लागली. आता रोज सकाळी ती पाण्याने धुणं हे ड्रायव्हरचं पहिलं काम.

मग बुटकी तर सोन्यासारखी वाटायला हवी, नाही का? कागदावर तशी ती आहेच. फ्लोअर जमिनीपासून ३३ सेंटीमीटर, पायरीच नाही, दारात मीटरभर लांबीचा घडीचा रॅम्प. पण हा सगळा हिशेब शहरातल्या फुटपाथवर बेतलेला. आमच्या थांब्यांना फुटपाथ कुठला? मातीवर रॅम्प टेकवला तर ३३ सेंटीमीटरची चढण एका मीटरात, म्हणजे एकास तीन. इमारतींच्या रॅम्पला एकास बारा हा उतार सर्रास धरतात, त्यावरून अंदाज करा. व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा दम निघतो, आणि खाली उतरवताना तर भीतीच वाटते. गाडी एका बाजूने सात सेंटीमीटर खाली झुकते, तरी साधारण एकास चार.

उपाय अगदीच साधा निघाला. जास्त वापराच्या दोन थांब्यांवर १५ सेंटीमीटर उंचीचे काँक्रीटचे ओटे बांधून घेतले. १५ ओट्याचे आणि ७ झुकण्याचे वजा केले की उरतात ११ सेंटीमीटर. आता तिथे एकटा माणूस स्वतःची खुर्ची स्वतः चढवतो. गाडीसोबत थांबाही विकत घ्यावा लागतो हे आधी कुणी सांगितलं असतं तर ते पैसे सुरुवातीलाच बाजूला काढले असते.

लांबडीच्या मागच्या बाजूला व्हीलचेअरची लिफ्ट आहे. चालते चांगली, पण ड्रायव्हरला खाली उतरावं लागतं आणि मागे सपाट मोकळी जागा लागते. रस्त्याच्या कडेला चर असेल तर लिफ्ट असून नसल्यासारखी.

सगळ्यात जास्त डोकेदुखी मात्र छोटीने दिली, आणि तिच्या आवडत्या फेरीवर. दवाखाना, शाळा, परत दवाखाना. दोन-तीन किलोमीटर गेली की थांबायचं, इंजिन चालू ठेवायचं, पुन्हा निघायचं. तिसऱ्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, दोन दिवसांत गाडीने ताकद सोडली, चढावर माणूस चालेल त्या वेगाने चढायला लागली. कारण सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ. साठलेली काजळी जाळून टाकायला त्याला ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. इंजिन मोकळ्या रस्त्यावर सलग चाललं तर ही साफसफाई आपोआप होते. आमच्या फेरीत साफसफाई सुरू व्हायची आणि थांबा यायचा. काजळी तशीच.

सर्व्हिस सेंटरने पहिल्या वेळी मशीन लावून साफ करून दिलं आणि सांगितलं, "चालवत राहा." चालवतच होतो की! दुसऱ्या वेळी तिथल्या एका जुन्या फिटरने हळूच खरी गोष्ट सांगितली: गाडीत दोष नाही, फेरीत आहे. तेव्हापासून छोटीला आठवड्यातून दोनदा हायवेच्या लांब फेरीला पाठवतो, सलग अर्धा तास एका वेगाने. दिवा पुन्हा लागलेला नाही. साफसफाई चालू असताना गाडी वाळलेल्या गवतावर उभी करायची नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवलाय. खालून निघणारी उष्णता पेट घ्यायला पुरेशी असते.

डिझेलचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत युरियाचं द्रावण भरावं लागतं, त्याबद्दल एवढंच: त्या द्रावणात युरिया ३२.५ टक्के असतो, त्यात पाणी घालून 'वाढवायचं' नाही. आमच्या एका हुशार माणसाने वाढवलं. सेन्सरने लगेच चुगली केली. थंड प्रदेशात गाडी वापरणार असाल तर हे द्रावण उणे ११ अंशांना गोठतं, टाकी तापवायची सोय आहे का ते विचारून घ्या.

वजनाचा धडा वजनकाट्यावर मिळाला. बसच्या बांधणीचा संयुक्त राष्ट्रांचा नियम आहे, आर-१०७. त्यात बसून प्रवासाच्या गाडीसाठी माणशी ७१ किलो धरतात, त्यात ३ किलो हातातल्या सामानाचे. आमच्या माणसांच्या हातात तीन किलोचं सामान? पोती असतात, डबे असतात, एकदा शिवणयंत्र होतं. लांबडी पूर्ण भरून काट्यावर नेली तर एकूण वजन मर्यादेत निघालं. ड्रायव्हर खूश. मग पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलली, आणि मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर. लिफ्ट मागे, सामानाची जागा मागे, दोन्ही मागच्या चाकांच्याही पलीकडे. तिथे ठेवलेलं ओझं तरफेसारखं काम करतं: स्वतःच्या वजनापेक्षा जास्त मागच्या चाकांवर टाकतं आणि पुढची चाकं हलकी करतं. ओल्या चढावर स्टिअरिंग 'तरंगतं' अशी ड्रायव्हरांची तक्रार होती, तिचा अर्थ तेव्हा लागला. मागची शेवटची सीटांची रांग काढली आणि सामानाची जाळी पुढे, दोन्ही ॲक्सलच्या मधे आणली. २७ ची गाडी आता २३ ची आहे, आणि कुणाची तक्रार नाही.

गिअरबॉक्सबद्दल आमच्यात दोन तट होते. लांबडीला साधे गिअर, बुटकीला ऑटोमॅटिक. सतत थांबत-निघत जाणाऱ्या फेरीला ऑटोमॅटिकच हवं, हे आता जुने ड्रायव्हरही मान्य करतात, फक्त मोठ्याने म्हणत नाहीत. लांब उतारावर मात्र ऑटोमॅटिक असो वा साधं, खालचा गिअर धरायचा आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी रोखणारा) वापरायचा. पायातला ब्रेक सतत दाबून उतरलेल्या गाडीच्या चाकांजवळ नाक नेलं की वास येतोच.

किरकोळ गोष्टींनीही बरेच दिवस खाल्ले. बुटकीची पुढची काच एकसंध, सुंदर, आणि खडी उडून तडकली तेव्हा नवीन यायला पाच आठवडे. लांबडीची काच दोन तुकड्यांची, दिसायला जुनाट, पण एक तुकडा आमच्याच शेडमध्ये एका दुपारी बदलून झाला. लांबडीला मागे जोडचाकं आहेत. आतल्या टायरची हवा कुणी तपासत नाही, कारण वॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही. वॉल्व्हला लांब नळी जोडून घ्या आणि दोन टायरच्या फटीत अडकलेला दगड रोज बघा. धुळीचं म्हणाल तर मागच्या दाराचं रबर गेलं की चालत्या गाडीच्या मागे उठणारी सगळी धूळ आत ओढली जाते, आणि शेवटच्या रांगेतली माणसं उतरताना ओळखू येत नाहीत. सीटना कापड नको, रेक्झिन घ्या.

मधे महिनाभर बॅटरीवरची एक मिनीबस चाचणीला मिळाली होती. आवाज नाही, धूर नाही, दवाखान्याच्या फेरीला तर अगदी साजेशी: तिथे डिझेलचा फिल्टर गुदमरतो, हिला थांबण्या-निघण्याचं काहीच वाटत नाही. एक गंमत कळली. आमचा डेपो उंचावर आहे. सकाळी शंभर टक्के चार्ज करून गाडी काढली की पहिलाच लांब उतार लागतो, आणि उतारावर मोटर उलटी वीज बनवून गाडी रोखते खरी, पण भरलेल्या बॅटरीत ती वीज जाणार कुठे? मग रोखण्याचं काम साध्या ब्रेकवर येतं. दुसऱ्या आठवड्यापासून ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवायला लागलो. ती गाडी आम्ही घेतली नाही, कारण दूरच्या फेरीच्या टोकाला चार्जिंगची सोय नाही आणि थंडीत हीटर लावला की बॅटरी भराभर उतरते. जवळच्या फेऱ्यांसाठी पुढेमागे घेऊ.

१६ सीटच्या आकड्याबद्दल राहिलंच. युरोपात डी-वन परवान्यावर ड्रायव्हर सोडून १६ माणसांपर्यंतची, ८ मीटरच्या आतली गाडी चालवता येते. अमेरिकेत ड्रायव्हर धरून १६ माणसांसाठी बनवलेली गाडी असली की व्यावसायिक परवाना लागतो. तुमच्याकडे ही रेष कुठे आहे ते सीट मोजण्याआधी बघा. ड्रायव्हर आजारी पडला आणि बदली माणसाचा परवाना एका सीटने कमी पडला, तर फेरी रद्दच होते. छोटीच्या नावावर एवढ्या फेऱ्या जमा व्हायचं अर्धं कारण हेच: तिला कुणीही नेऊ शकतो.

पुन्हा घ्यायची झाली तर लांबडीऐवजी दोन छोट्या घेईन. एक बंद पडली तर दुसरी असते, आणि रिकाम्या सीटांचं डिझेल वाचतं. गर्दीच्या दोन फेऱ्यांना दोन्ही एकामागोमाग सोडायच्या. त्यात ड्रायव्हर जास्त लागतो, हे खरं, आणि जिथे ड्रायव्हरच मिळत नाहीत तिथे माझा हिशेब उलटा पडेल. बुटकी ठेवीन, पण ओट्यांच्या थांब्यांपुरतीच.

चौथ्या गाडीसाठी पुढच्या आठवड्यात एक विक्रेता गाडी दाखवायला आणतोय. त्याने फोनवर विचारलं, डेपोभोवती चक्कर मारून दाखवू का? म्हटलं, नको. सीटांवर माणशी ७५ किलोच्या हिशेबाने वाळूची पोती बांधून ठेवतो, आणि मागे अजून चार. आधी वजनकाट्यावर जाऊ, मग फरशीवर. आमची सगळ्यात वयस्कर प्रवासी बाई त्या दिवशी दवाखान्याला जाणार आहेत, त्यांना थांब्यावरून घेऊ. टेप मी आणतो.