शंभर मिलीची बाटली आणि मिगचा पंख

माझे वडील ओझरच्या एचएएलमध्ये होते. मिग-२१ विमानं त्यांच्या डोळ्यांसमोर तयार होऊन बाहेर पडायची. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला या विमानाला निरोप दिला गेला, तेव्हाच ठरवलं की बाबांच्या टेबलासाठी एक मिग करायचं. १/४८ प्रमाणातलं, जोडून रंगवायचं प्लास्टिकचं मॉडेल किट आणलं आणि दीड महिना रोज रात्री बसलो. अ‍ॅक्रिलिक रंग झाले, वर ग्लॉस वार्निशही झालं. उरला होता फक्त वॉश. बर्न्ट अंबर आणि काळा तेलरंग पातळ करून पॅनेल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेषांमध्ये, सोडायचा, तो आपोआप रेषेत धावतो, आणि जास्तीचा नंतर इअरबडने पुसायचा. सगळ्यात मजेचं काम हेच.

पातळ करायच्या द्रावकासाठी ओळखीतून एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. "दादा, इम्पोर्टेड ओडरलेस व्हाइट स्पिरिट आहे, प्लास्टिकला शंभर टक्के सेफ." १०० मिलीचे ३५० रुपये. हार्डवेअरवाल्याकडे मिनरल टर्पेंटाइनचा, म्हणजे व्हाइट स्पिरिटच्याच जातीच्या द्रावकाचा, अख्खा लिटर याहून स्वस्त मिळतो हे मला माहीत होतं. पण 'इम्पोर्टेड' ऐकलं की आमची अक्कल गहाण पडते. पैसे यूपीआयवर, आधी.

पार्सलवर लिहिलेलं 'पोस्टर कलर'. ज्वलनशील माल कुरिअरवाले असा सहजासहजी घेत नाहीत, म्हणून ही शक्कल. आत घरच्या प्रिंटरवर छापलेलं स्टिकर. उत्पादकाचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही. झाकण उघडलं तर पिकलेल्या केळ्यासारखा गोडसर वास आणि मागोमाग नेलपॉलिश रिमूव्हरची झणक. हे ओडरलेस! विचारलं तर म्हणाला, "वास लगेच उडतो, तीच तर क्वालिटी." आणि मला ते पटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

डाव्या पंखाच्या मुळाशी पहिला थेंब सोडला. रेषेत धावायच्या ऐवजी तो जागीच पसरला, वार्निश सुरकुतलं, खालचा रंग सुटून आला. घाबरून पुसायला गेलो तर प्लास्टिक मऊ झालेलं; माझ्या अंगठ्याचा ठसा पंखावर कायमचा उमटला. एक शिंतोडा कॅनोपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर, गेला होता, तिथे पांढऱ्या बारीक भेगांचं जाळं.

मग सुचलं ते आधी सुचायला हवं होतं. त्याच किटच्या स्प्रूचा, म्हणजे सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिचा, तुकडा बाटलीतल्या द्रवात बुडवला. पाच मिनिटांत चिकट, चिमटीत धरला तर तार निघाली. थर्मोकोलवर थेंब टाकला तर आरपार भोक. थर्मोकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिन, किटही पॉलिस्टायरिनचंच. कागदावरचा थेंब बघता बघता उडाला; खऱ्या व्हाइट स्पिरिटला बराच वेळ लागतो. हार्डवेअरवाल्या काकांनी नुसता वास घेऊन सांगितलं, "एनसी थिनर आहे, फर्निचरवाले नेतात." त्यात टोल्युईन, अ‍ॅसिटोन, ब्युटिल अ‍ॅसिटेट असली द्रावकं असतात. प्लास्टिक विरघळवायला याहून चांगलं काय हवं!

विक्रेत्याला फोटो पाठवले. "तुम्ही जास्त लावलं असेल, दादा." व्हिडिओ पाठवला, तर ब्लॉक. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, बाटली आणि पार्सलचं वेष्टण जपून ठेवलं आहे.

आता मी साधं मिनरल टर्पेंटाइनच वापरतो, खिडकी उघडी ठेवून, ब्रश जेमतेम ओला करून. नवा डबा आणला की आधी स्प्रूचा तुकडा त्यात रात्रभर. माझा भाचा गनप्ला, म्हणजे गंडम रोबोंची प्लास्टिक मॉडेलं, करतो, त्याला मात्र हेही देत नाही. त्याच्या किटमध्ये एबीएस या वेगळ्या प्लास्टिकचे सांधे असतात, ताणात बसवलेले. तिथे चांगलं व्हाइट स्पिरिट साचलं तरी सांधा तडकतो.

मित्राने परवा दाखवलं, तोच माणूस, नवा नंबर. बाटली तीच, स्टिकरवर आता 'लो ओडर' आणि किंमत ३९९.