पीसी हेल्थ चेक: कुठला नकार खरा, कुठला नुसता सेटिंगचा

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून जुनं मशीन असलेला जो तो विचारतोय, माझ्या मशीनवर विंडोज ११ चालेल का? त्याचं उत्तर देणारं माइक्रोसॉफ्टचं स्वतःचं मोफत अ‍ॅप म्हणजे ‘पीसी हेल्थ चेक’. घरातल्या कॉम्प्युटरांची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे मी ते दोन मशीनवर चालवलं: वहिनीचा लॅपटॉप आणि बाबांचा असेंबल केलेला डेस्कटॉप.

वापरायला अ‍ॅप अगदी सोपं आहे. उघडलं की डाव्या बाजूला मशीनचं नाव, रॅम, डिस्क किती मोठी आणि मशीन किती वर्षांचं, एवढं दिसतं. वर ‘चेक नाऊ’चं बटण. ते दाबलं की निकाल येतो. २०२१च्या जूनमध्ये हे अ‍ॅप पहिल्यांदा आलं तेव्हा ते नुसतं ‘चालणार नाही’ म्हणायचं, कारण सांगायचं नाही. लोकांनी ओरड केली, माइक्रोसॉफ्टने ते मागे घेतलं आणि सुधारून परत आणलं. आताचं अ‍ॅप कारणं देतं, आणि ‘सी ऑल रिझल्ट्स’ दाबल्यावर पास झालेल्या गोष्टीही दाखवतं. ते बटण दाबल्याशिवाय अ‍ॅप बंद करू नका. सगळी मेख तिथे आहे.

वहिनीच्या लॅपटॉपला एकच नकार मिळाला. टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) आहे, सिक्युअर बूट (मशीन चालू होतानाची तपासणी) आहे, रॅम ४ जीबीच्या वर, डिस्क ६४ जीबीच्या वर. फक्त प्रोसेसर नापास. बाबांच्या डेस्कटॉपला दोन नकार, टीपीएम आणि सिक्युअर बूट. बाबांनी स्क्रीनकडे बघून लगेच विचारलं, “म्हणजे नवीन घ्यायचा का गं?” दोन नकार एकापेक्षा वाईट, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटं होतं.

लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय५-७२००यू, म्हणजे सातवी पिढी. विंडोज ११ची यादी मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते. एएमडीकडे ढोबळमानाने रायझन २००० मालिकेपासून. लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला असतो, बदलता येत नाही. तिथे विषय संपला.

डेस्कटॉपमध्ये आय५-८४००. प्रोसेसर यादीत आहे. मग टीपीएम का नाही? अ‍ॅपचं वाक्य असं की टीपीएम २.० ‘असायला आणि चालू असायला’ हवं. दोन वेगळ्या गोष्टी त्याने एकाच ओळीत बांधल्या आहेत, आणि आपल्या मशीनवर त्यातली कुठली कमी आहे हे ते सांगत नाही. माझी या अ‍ॅपबद्दलची खरी तक्रार ही. आठव्या पिढीच्या इंटेलमध्ये टीपीएमचं काम करणारी सोय आतच असते, तिचं नाव पीटीटी. एएमडीमध्ये एफटीपीएम. असेंबल केलेल्या कितीतरी मशीनवर ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये गेले, पीटीटी चालू केलं, आणि विंडोजमध्ये परत येऊन टीपीएमची माहिती दाखवणारं ‘टीपीएम डॉट एमएससी’ उघडलं. तिथे स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं. एक नकार गेला.

सिक्युअर बूटला जास्त काम पडलं. विंडोजच्या ‘एमएसइन्फो३२’ या माहितीच्या खिडकीत बायोस मोडसमोर ‘लेगसी’ लिहिलेलं होतं, म्हणजे विंडोज जुन्या पद्धतीने, एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर टाकलेलं. यात क्रम फार महत्त्वाचा. आधी सगळा बॅकअप. मग विंडोज १०मध्येच असलेल्या ‘एमबीआर टू जीपीटी’ या टूलने आधी तपासणी आणि मग जीपीटी या नव्या मांडणीत रूपांतर. डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असतील तर तपासणीच नापास होते. रूपांतर झाल्यावरच बायोस लेगसीवरून यूईएफआय या नव्या पद्धतीवर न्यायचा. आधी बायोस बदललात तर विंडोज उघडणारच नाही. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी जपून ठेवा. अशा बदलांनंतर मशीन ती मागू शकतं.

ही खटपट करण्यासारखी आहे का? माझ्या मते नक्कीच. टीपीएम डिस्कच्या कुलपाची किल्ली आणि लॉगिनचा पिन डिस्कपासून वेगळा सांभाळतं. सिक्युअर बूट विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची सही तपासतं, त्यामुळे अँटीव्हायरस जागा होण्याआधीच घुसणाऱ्या मालवेअरची वाट अडते. बाबा बँकेची कामं याच मशीनवर करतात. विंडोज १०वरच राहायचं असतं तरी मी हे दोन्ही चालू केलं असतं.

पुन्हा ‘चेक नाऊ’ दाबलं आणि डेस्कटॉप पास झाला.

अ‍ॅपला पाचपैकी साडेतीन. निदान बरोबर करतं, फुकट आहे, जाहिरात करणाऱ्या भलत्या साइटवरून कुठलंही टूल उतरवून घ्यायची गरज ठेवत नाही. दीड गुण कापला तो बंद आणि नाही यांत फरक न केल्याबद्दल. निकालासोबत दिलेल्या दुव्यावर माहिती आहे, पण नवख्या माणसाला ती वाचायचं धैर्य त्या निकालानंतर उरत नाही.

वहिनीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ जबरदस्तीने टाकण्याचे उपाय सापडतात. मी ते केलं नाही, कारण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी माइक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप. त्याऐवजी विंडोज १०चे वाढीव सुरक्षा अपडेट चालू केले, ते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचे आहेत. त्यानंतर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरलंय. वहिनीचं बरंचसं काम ब्राउझरमध्येच चालतं, आणि लॅपटॉप एरवी ठणठणीत आहे.