सांबार कशात पेरावा: वाफा, पिपा, चुंगडी की संत्र्याचं क्रेट?

आधी एक गोष्ट ठरवा: सांबार, म्हणजे कोथिंबीर, कोणत्या महिन्यांत पाहिजे? दसऱ्यापासून जानेवारीअखेरपर्यंत पाहिजे असेल आणि घरामागे दोन हात जागा असेल, तर भांड्यांच्या भानगडीत पडू नका, वाफ्यातच पेरा. त्या दिवसांत जमीन गार असते, ओल टिकते आणि पीक पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत कापायला येतं. सांबारवडी करायची तर परातभर सांबार लागतो. तेवढा वाफ्यातूनच निघतो, एखाद्या डब्यातून नाही.

भांड्याची खरी किंमत कळते पावसाळ्यात. झड लागली की काळ्या मातीचा चिखल होतो आणि कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. मध्येच ऊन पडलं तर वरचा थर इतका कडक होतो की अंकुराला तो फोडता येत नाही. वरून कोंबड्या उकरतात, बकऱ्या तोंड घालतात. नेमक्या याच दिवसांत बाजारात जुडी महाग होते. छपरीच्या कडेला उजेडात, पण पावसाच्या माऱ्याबाहेर ठेवलेलं भांडं तेव्हा घरची सोय करतं. फेब्रुवारी-मार्चमध्येही सकाळचं ऊन देऊन दुपारी सावली धरता येते. एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत मात्र मी पेरायला सांगणार नाही. पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा धणे नीट उगवत नाहीत, आणि उगवले तरी रोप पानं सोडून लवकर फुलावर जातं.

आता भांडं. सांबाराला सोटमूळ असतं, म्हणून खोली आधी बघायची, देखणेपण मागाहून. सहा इंचांपेक्षा उथळ काही घेऊ नका, आठ-नऊ इंच असेल तर उत्तम. याच मुळामुळे रोप एकीकडून उपटून दुसरीकडे लावलं की ते नाराज होतं. जिथे वाढवायचं तिथेच पेरायचं.

तेलाचा पंधरा किलोचा पिपा जवळजवळ प्रत्येक घरी सापडतो. उभा ठेवला तर खोली भरपूर, पण तोंड लहान आणि माती फुकट जाते. तो आडवा करून वरची बाजू कापा, कडा आत दुमडा आणि बुडाला खिळ्याने भोकं पाडा. भरल्यावरही तो एकट्याला सरकवता येतो, हा त्याचा मोठा गुण. दोष असा की पत्रा उन्हात तापतो आणि कडेची मुळं भाजतात. बाहेरून चुन्याचा हात दिला की ताप कमी होतो.

चुंगडी, म्हणजे प्लास्टिकचं विणलेलं पोतं, फुकट मिळते, अर्ध्यापर्यंत दुमडली की बसकी होते, आणि पाणीही विणीतून झिरपून जातं. पण उन्हाने तिचे धागे सुटतात, अंगणभर उडतात आणि जनावरांच्या पोटात जातात. म्हणून नुसती चुंगडी मला पटत नाही. मातीची कुंडी उन्हाळ्याच्या तोंडावर सगळ्यांत गार राहते, मात्र ती लवकर सुकते, दोनदा पाणी मागते, आणि एका कुंडीतून वरणावर भुरभुरण्यापुरताच सांबार मिळतो.

माझा कौल संत्र्याच्या प्लास्टिक क्रेटला, आतून चुंगडीचं अस्तर लावून. काटोल-वरुडकडे जुनी क्रेटं सहज मिळतात. तोंड रुंद, खोली फूटभराच्या आसपास, हवा खेळती, आणि अस्तर उन्हापासून बरंचसं झाकलेलं. चार माणसांच्या घरात रोजच्या भाजी-वरणाला दोन क्रेटं, पंधरा दिवसांच्या अंतराने पेरलेली, पुरतात. एक अडचण आहे: ओल्या मातीने भरलेलं क्रेट उचलायला दोघं लागतात. घरात एकटं म्हातारं माणूस असेल तर त्यांनी पिपाच घ्यावा. जुन्या कूलरची टाकीही चालते, फक्त बुडाला भोकं हवीत.

कपाशीवर फवारायच्या औषधाचे रिकामे डबे मात्र कितीही धुतले तरी यासाठी वापरू नका. सांबार आपण कच्चा खातो.

नुसती काळी माती भांड्यात भरली तर सुकल्यावर ती विटेसारखी होते आणि कडेने भेग सोडते. पाणी त्या भेगेतून खाली निघून जातं. एक भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग पुरतं कुजलेलं शेणखत घ्या. भंडारा-गोंदियाकडे वाळूऐवजी थोडा धानाचा तूस मिसळला तरी माती मोकळी राहते.

बियाण्याचं म्हणाल तर घरच्या वापराला किराण्यातले धणे पुरेसे आहेत, पण या हंगामाचे, अख्खे आणि न भाजलेले. जुने धणे उगवतात तुरळक. पाकिटातलं बियाणं महाग पडतं, पण उगवण सारखी होते, आणि पुन्हा पुन्हा कापायचं वाण मिळालं तर पावसाळ्यात पैसे वसूल होतात. त्यावर रंगीत औषध चोळलेलं असेल तर ते स्वयंपाकघरात ठेवू नका. दोन्हीत एका धण्यात दोन बिया असतात. चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, पीठ नको. रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा आणि वर ओलं पोतं झाका. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात, थंडीत दोन आठवडेही लागतात. कोंब दिसताच पोतं काढा.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहत असाल तर भांड्याचा निर्णय पाण्यावर ठरवा. बोअरच्या खाऱ्या पाण्याने भांड्यात क्षार साचत जातो, मातीवर पांढरी पपडी येते आणि पानांच्या कडा जळतात. तिथे पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी धरून भांड्यात सांबार घ्या. पुढे हिवाळ्यात पिण्याच्या नळाचं पाणी थोडंच मिळत असेल, तर एकाच पिप्यापुरता पेरा.